पेटी नवी, साचा जुना: रीइश्यू मॉडेल कार किट कशी पारखावी आणि कशी जोडावी

मराठी पुस्तकांच्या दुकानात एक जुनी गंमत आहे. मुखपृष्ठ नवं कोरं, आत ‘तिसरी आवृत्ती’ छापलेलं, आणि उघडून पाहावं तर पहिल्या आवृत्तीतल्या मुद्रणदोषांसकट सगळं तसंच. म्हणजे आवृत्ती नव्हे, पुनर्मुद्रण. जुन्या अमेरिकी गाड्यांच्या ‘रीइश्यू’ प्लास्टिक किटचं, म्हणजे जुन्याच साच्यातून पुन्हा काढलेल्या किटचं, नेमकं हेच आहे. पेटी या वर्षी छापलेली, चित्र साठच्या दशकातलं, आणि आतलं प्लास्टिक कुठल्या साली कोरलेल्या साच्यातून आलंय याचा पेटीवर पत्ताच नाही. नवा माणूस पेटी बघून भुलतो, घरी येऊन टप बॉडीवर ठेवतो आणि म्हणतो, ‘हे असं का दिसतंय?’

हा लेख त्या नव्या माणसासाठी आहे. उदाहरणाला मी एकच गाडी धरून चालतो: १९५७ सालची शेवरोले बेल एअर, दोन दारांची हार्डटॉप. एकाच गाडीच्या इतक्या वेगवेगळ्या साच्यांतल्या किट क्वचितच मिळतात, म्हणून शिकायला ही बरी. (मुंबईशी शेवरोलेचं जुनं नातं आहे. जनरल मोटर्सने १९२८ पासून शिवडीला गाड्या जोडल्या. पण तो कारखाना १९५४ मध्ये बंद झाला, त्यामुळे ५७ ची बेल एअर तिथे जोडली गेली असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका.)

पहिलं काम: साच्याची जातकुळी शोधा

थोडा इतिहास लागेल, कारण किटमधल्या बहुतेक चुका त्यातूनच आल्या आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर मिशिगनमध्ये एएमटी आणि जो-हान या कंपन्या मोटार कंपन्यांसाठी छोट्या प्लास्टिक गाड्या बनवायच्या. शोरूममधला विक्रेता रंगाचा नमुना म्हणून त्या दाखवायचा, गिऱ्हाइकाच्या पोराच्या हातात द्यायचा. त्यांना ‘प्रोमो’ म्हणतात. १९५८ मध्ये एएमटीने त्याच साच्यांतून जोडायच्या किट काढल्या. एका पेटीत तीन तऱ्हा: कारखान्यातून निघाली तशी, हौसेने सजवलेली, किंवा शर्यतीची. १९६० च्या दशकात एएमटीतूनच बाहेर पडलेल्या जॉर्ज टोटेफ यांनी एमपीसी उभी केली. कॅलिफोर्नियात रेव्हेल आणि शिकागोकडे मोनोग्राम या दोघी आधीपासून होत्याच.

आता मुद्द्याची गोष्ट. अमेरिकेत गाडीचं रूप दर वर्षी बदलायचं, म्हणून या ‘अ‍ॅन्युअल’ किटचे साचेही दर वर्षी बदलायचे. नवा साचा करायचा नाही; जुन्याचीच जाळी, दिवे, बाजूची पट्टी खोदून पुढच्या वर्षाची करायची. एकदा ६६ ची ६७ झाली की ६६ गेली, कायमची. काही साच्यांची सत्तरच्या दशकात मडगार्ड कापून शर्यतीची गाडी केली गेली. म्हणून एखादी गाडी कधीच रीइश्यू होत नाही, आणि एखादी होते तेव्हा मडगार्डची चाकाकडची कमान विचित्र मोठी असते. तो कोरणाऱ्याचा दोष नसतो, ती जुनी जखम असते.

५७ ची बेल एअर यातून वाचली, कारण तिची किट गाडी निघाली त्या वर्षीची नाहीच. ती गाडी पाचसहा वर्षांनी जुन्या बाजारात स्वस्त झाली, अमेरिकेतली तरुण पोरं ती घेऊन इंजिनं चढवू लागली, तेव्हा साठच्या दशकाच्या सुरुवातीला एएमटी आणि रेव्हेल या दोघींनीही तिचे स्वतंत्र साचे केले. पुढे सत्तरच्या दशकात मोनोग्रामने १/२४ मापात, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्यात, तिसरा केला. हे साचे अजून जिवंत आहेत. १९८६ मध्ये रेव्हेल आणि मोनोग्राम एकाच मालकाकडे गेल्या. एएमटी आणि एमपीसी बरेच हात बदलत आता इंडियाना राज्यातल्या ‘राउंड टू’ या कंपनीकडे आहेत. २०१८ मध्ये रेव्हेलची अमेरिकी मालक कंपनी दिवाळ्यात निघाली, तेव्हा न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅटलांटिसने रेव्हेल-मोनोग्रामचे पुष्कळ जुने साचे उचलले. म्हणजे पेटीवरचं नाव बघून साचा ओळखता येत नाही. मोनोग्रामचा साचा रेव्हेलच्या पेटीत असतो, रेव्हेलचा अ‍ॅटलांटिसच्या.

ओळखायचं कसं? स्केलमेट्स नावाची ऑनलाइन सूची आहे. तिथे किटचा क्रमांक टाकला की हा साचा पहिल्यांदा कधी निघाला आणि पुढे कोणकोणत्या पेट्यांतून फिरला त्याची वंशावळ दिसते. खरेदीच्या आधीची पाच मिनिटं यावर घालवा. किट हातात असेल तर चासी उलटी करा. पुष्कळदा तिथे कंपनीचं नाव आणि साल कोरलेलं असतं. खोडलेलं नाव दिसलं तर समजा, साचा विकला गेलेला आहे. आणि विक्रेत्याकडे नेहमी रनरवरच्या (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरच्या) सुट्या भागांचा फोटो मागा. जोडून रंगवलेल्या गाडीचा फोटो काही कामाचा नाही, ती कोणीतरी महिनाभर बसून सुधारलेली असते.

अपवाद एक. राउंड टूने अलीकडे काही हरवलेल्या गाड्यांचे साचे जुन्या किटवरून मापं घेऊन पूर्णपणे नव्याने केले आहेत. पेटी जुन्या थाटाची, आतला साचा मात्र खरोखर नवा. अशा किटचं प्लास्टिक धारदार असतं, जोड बसतात. पण मूळ किटच्या आकारात जी चूक होती ती बहुधा तशीच उतरलेली असते, कारण नक्कल गाडीची नसून किटची आहे.

दुसरं काम: व्हर्नियर घ्या

आयटीआयमधून आलेल्या माणसाला हे सांगायला नको, बाकीच्यांनी एक साधा डिजिटल व्हर्नियर घ्यावा. डोळा टपावर आणि बोनेटवर पटकन फसतो, माप फसत नाही.

खऱ्या बेल एअरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर, ११५ इंच, म्हणजे २९२१ मिलिमीटर. १/२५ मापात ते ११६.८ मिलिमीटर यायला हवं आणि १/२४ मध्ये १२१.७. लांबी २०० इंच, म्हणजे १/२५ ला २०३.२ आणि १/२४ ला २११.७ मिलिमीटर. रुंदी १/२५ ला सुमारे ७५. हे आकडे वहीत लिहून घ्या आणि मग बॉडी मोजा.

एक मिलिमीटर इकडेतिकडे असेल तर सोडून द्या. दोनपेक्षा जास्त असेल तर ते मॉडेल शेल्फवर दुसऱ्याशेजारी ठेवल्यावर खटकतं. १/२४ आणि १/२५ हा फरक कागदावर जेमतेम चार टक्के, पण दोन्ही ५७ शेजारी ठेवल्या तर एक दुसरीची थोरली बहीण वाटते. त्यामुळे एका किटचं इंजिन दुसऱ्या मापाच्या गाडीत घालायचं असेल तर आधी बोनेटखाली बसतं का ते बघा. हे दोन्ही आकडे आले तरी कुठून? १/२४ फूट-इंचातून: एका फुटाला अर्धा इंच. १/२५ प्रोमोवाल्यांच्या परंपरेतून. आजही अमेरिकी किट बहुतेक १/२५, जपानी १/२४.

आणि टायर मोजा. ५७ साली शेवरोलेने १५ ऐवजी १४ इंची रिम दिल्या. त्यावरचा टायर १/२५ ला सुमारे २७ मिलिमीटर व्यासाचा यायला हवा. कंपन्या पेटीत हाताशी असलेले टायर टाकतात आणि ते कितीही असू शकतात. गाडी ‘बसलेली’ किंवा ‘उभी राहिलेली’ दिसते त्याचं निम्मं कारण इथेच असतं.

तिसरं काम: चूक नेमकी कुठे आहे ते बघायला शिका

इथे घाई करू नका, जुन्या किटची खरी मजा इथेच आहे.

आधी एक सापळा. बॉडीचा मोबाइलवर जवळून फोटो काढला की पुढचं नाक फुगतं आणि टप चपटा दिसतो. तो किटचा दोष नाही, भिंगाचा आहे. बॉडी टेबलाच्या कडेवर ठेवा, सात-आठ फूट मागे जा, झूम करून अगदी बाजूने फोटो काढा. खऱ्या गाडीचाही लांबून, सरळ बाजूने घेतलेला फोटो शोधा. दोन्ही पडद्यावर व्हीलबेस जुळेल एवढे करून एकमेकांवर ठेवा. आता जे बाहेर डोकावतं ती खरी चूक. खऱ्या गाडीचा फोटो निवडताना एवढं बघा की ती कुणी स्प्रिंग कापून खाली बसवलेली किंवा रुंद चाकं लावलेली नसावी. आज जिवंत असलेल्या ५७ पैकी तशाच फार भेटतात.

टपापासून सुरुवात करा. जुन्या किटमध्ये सगळ्यात जास्त चुकतो तो टप. पुढच्या काचेचा कल आणि मागच्या काचेवरून खाली येणारी रेषा एखाद्या मिलिमीटरनेही बदलली की गाडीचा चेहराच बदलतो. याची दोन कारणं. साचा उघडताना बॉडी सुटून यावी म्हणून भिंतींना थोडा उतार द्यावा लागतो. भोसरी-चाकणच्या मोल्डिंग शॉपमध्ये काम केलेल्यांना हा ‘ड्राफ्ट’ माहीत असेल. दुसरं, त्या काळचे नमुनाकार आधी मोठं लाकडी मॉडेल करून त्यावरून यंत्राने लहान कोरायचे, आणि हाताने काम करणाऱ्याला गाडी जशी आवडते तशी ती थोडीफार होते. गंमत म्हणजे यातले काही टप मुद्दाम कमी उंचीचे वाटतात. साठच्या दशकातल्या पोरांना गाडी तशीच हवी होती.

मग बाजूच्या रेषा. बेल एअरच्या मागच्या पंखावर पन्हळीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आहे. तिचं पुढचं टोक कुठे सुरू होतं आणि पन्हळी मोजता येतील इतक्या स्पष्ट आहेत का, ते बघा. साचा हजारो पेट्या काढून झिजलेला असेल तर पन्हळी बोथट आणि ‘बेल एअर’ ही अक्षरं नुसता उंचवटा झालेली असतात. पुढच्या मडगार्डवर तीन लहान पट्ट्या हव्यात, त्या बेल एअरची खूण आहेत.

रेव्हेलच्या जुन्या साच्यात दारं, बोनेट, डिकी सगळं उघडतं. त्यासाठी बॉडी अनेक तुकड्यांत आहे. १९६० च्या दशकात ती चमत्कार होती. आज जोडणाऱ्याला ती शिक्षा आहे. दारांच्या फटी खऱ्या गाडीत जितक्या असाव्यात त्याच्या तीन-चारपट दिसतात आणि तुकडे सरळ रेषेत आणेपर्यंत नाकीनऊ येतात. पहिलंच मॉडेल असेल तर ही किट घेऊ नका. घेतलीच तर दारं बंद करून आतून चिकटवून टाका. मोनोग्रामचा १/२४ चा साचा नवशिक्याला सगळ्यात सोपा पडतो. भाग कमी, बॉडी एकसंध.

खालून बघा. प्रोमोवरून आलेल्या किटमध्ये चासी एक चपटी पाटी असते, सायलेन्सर आणि स्प्रिंगा तिच्यावरच उठावात. पुष्कळ जुन्या एएमटी किटमध्ये पुढच्या चाकांचा लोखंडी दांडा इंजिनच्या ठोकळ्यातून आरपार जातो. हे बघून पहिल्यांदा हसू येतं. पण मॉडेल शेल्फवर ठेवलं की खालचं कोण बघतंय? माझ्या मते चासीवर वेळ घालवू नये, सगळा वेळ वर द्यावा.

चौथं काम: काय सुधारायचं आणि काय नाही ते ठरवा

कागदावर तीन रकाने आखा. दहा मिनिटांत होणारं, एका रविवारी होणारं, आणि ज्याच्या नादी लागायचं नाही असं. टपाचा आकार तिसऱ्या रकान्यात. टप कापून पुन्हा जोडणं हे पाचवं-सहावं मॉडेल झाल्यावर करायचं काम आहे. मी दुसऱ्याच मॉडेलला करायला गेलो, आणि ती बॉडी आजही ड्रॉवरमध्ये तीन तुकड्यांत पडलेली आहे.

दहा मिनिटांच्या रकान्यात तीन गोष्टी ठेवा. पहिली, गाडीची उंची. चाकं तात्पुरती चिकणमातीवर बसवून गाडी जमिनीपासून किती वर आहे ते फोटोशी ताडून बघा, आणि दांड्याची भोकं वर किंवा खाली सरकवा. दुसरी, योग्य टायर. दुसऱ्या किटमधून उसने घेतले तरी चालतात. तिसरी, सोनेरी रंग. बेल एअरची पुढची जाळी आणि मडगार्डच्या त्या तीन पट्ट्या खऱ्या गाडीत सोनेरी होत्या. किटमध्ये मात्र जाळीला सरसकट चांदीसारखा क्रोम मुलामा असतो. त्या क्रोमवर पारदर्शक पिवळ्यात थेंबभर नारिंगी मिसळून एक पातळ हात द्या. एवढ्याने बघणाऱ्याला वाटतं की या माणसाला गाडी माहीत आहे.

पाचवं काम: जोडणी

सगळे रनर कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाने धुऊन घ्या. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेल प्लास्टिकवर राहतं आणि त्यावर रंग धरत नाही.

झिजलेल्या साच्यात दोन अर्ध्यांच्या मधून प्लास्टिक झिरपतं, त्याची पातळ झालर भागांच्या कडेला येते. ती पातीने काढा. बॉडीवर मडगार्डच्या वरून, टपाच्या खांबांवरून जाणारी एक बारीक रेघ असते, ती बहुतेक नवशिके विसरतात आणि रंग दिल्यावर ती तोंड वर काढते. पाती उभी धरून खरवडा, मग ६०० आणि १००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासा. जिथे प्लास्टिक जाड आहे तिथे वरून खड्डा पडलेला असतो. तिथे मॉडेलची पुट्टी भरा. गॅरेजवाल्याची लांबी बारीक खड्ड्याला जाड पडते.

चिकटवण्याआधी सगळं चिकटपट्टीने जोडून बघा. जुन्या साच्यात बॉडी चासीवर बसली की पुढचा बंपर बसत नाही, हा नेहमीचा अनुभव आहे. आणि काच बसवायला सुपरग्लू वापरू नका, त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते. फेव्हिकॉल पुरतो, सुकल्यावर दिसतही नाही.

दारं आणि डिकीच्या रेषा उथळ असतील तर रंगाच्या आधी पातीच्या उलट्या बाजूने हळूहळू ओढत खोल करा. नाहीतर रंगाच्या दोन हातांत त्या बुजून जातात.

बोथट अक्षरांवर एक जुनी युक्ती आहे. रंग देण्याआधी त्या अक्षरांवर मॉडेलवाल्यांची चिकट धातूची पातळ फॉइल दाबून बसवा, मग नेहमीसारखा रंग द्या, आणि रंग पुरता कडक व्हायच्या आत थिनरमध्ये जेमतेम ओली केलेली इअरबडची काडी अक्षरांच्या माथ्यावरून फिरवा. वरचा रंग जातो, खालची फॉइल चमकते. हात स्थिर हवा. आधी टाकाऊ भागावर सराव करा.

क्रोमचे भाग रनरवरून कापले की कापल्या जागी पांढरा ठिपका राहतो. कपडे धुवायच्या ब्लीचमध्ये तासभर ठेवलं तर सगळा मुलामा निघतो, मग झालर घासून पुन्हा चंदेरी रंग देता येतो. हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा. त्यात दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू निघतो.

रंगाबद्दल थोडं

परदेशातून स्प्रेचे डबे विमानाने सहसा येत नाहीत, त्यामुळे आपल्याकडे गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला स्प्रे वापरावा लागतो. तो प्लास्टिकला खातो. आधी राखाडी प्रायमरचे दोन अगदी पातळ हात द्या आणि पहिला प्रयोग रनरच्या तुकड्यावर करा. जुलैमध्ये मात्र स्प्रेला हात लावू नका. हवेतल्या ओलाव्याने रंगावर पांढरट धुकं बसतं. पावसाळा हा इंजिन आणि आतल्या सीट रंगवायचा काळ, तिथे ब्रशने काम होतं. बॉडी ऑक्टोबरपर्यंत थांबू शकते.

बेल एअरला दोन रंग शोभतात. त्या काळच्या कारखान्याच्या यादीतला एक हस्तिदंती रंग ‘इंडिया आयव्हरी’ नावाचा होता. टप आयव्हरीचा आणि खाली फिकट निळा, किंवा ‘मॅटाडोर रेड’ नावाचा लाल. इथे दोन रंगांमधली रेष पट्टीच्या कडेवर येते, त्यामुळे मास्किंग टेप लावणं नवशिक्यालाही जमतं. जुन्या डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं) पिवळ्या पडलेल्या असतील तर पारदर्शक पिशवीत घालून काही दिवस खिडकीच्या काचेला उन्हात चिकटवून ठेवा. पुष्कळ पिवळेपण निघून जातं.

टायर शेवटी

जुन्या किटचे मऊ काळे टायर आणि प्लास्टिक यांचं पटत नाही. टायर मऊ राहावा म्हणून त्यात घातलेलं तेलकट द्रव्य वर्षानुवर्षं बाहेर पडतं आणि किटच्या ज्या कडक प्लास्टिकला, म्हणजे पॉलिस्टायरिनला, टायर टेकलेला असतो ते वितळतं. जुन्या बाजारात न उघडलेली पेटी मिळाली तर सगळ्यात आधी पुढची काच बघा. टायर काचेवर पडून राहिलेला असेल तर काचेत त्याचा गोल ठसा उमटलेला असतो, आणि तो काही केल्या निघत नाही.

म्हणून किट घरी आणली त्याच दिवशी टायर काढून झिपच्या वेगळ्या पिशवीत टाका. जोडताना रिमला टायर जिथे टेकतो तिथे चंदेरी फॉइलचा एक वेढा द्या. चासीला किंवा मडगार्डच्या आतल्या बाजूला टायर घासत नाही ना, ते बघून घ्या. आणि शेल्फवर ठेवताना गाडी प्लास्टिकच्या शोकेसच्या तळावर थेट उभी करू नका. खाली काचेचा किंवा लाकडाचा तुकडा ठेवा. उन्हाळ्यात बंद कपाटात हे वितळणं लवकर होतं, तेव्हा मेमध्ये एकदा गाडी उचलून टायर आणि त्याच्याखालची जागा बघून घेत जा.